दुप्पट बिड्या

दम्याच्या औषधाची कुपी दंडात बसवून आठवडा झाला आणि भिकाजींची छाती धडधडायला लागली. ही कुपी वर्षभर औषध सोडत राहते. मधेच काढता येत नाही. बिडीच्या धुरामुळे शरीर हे औषध लवकर संपवतं, म्हणून रोजच्या बिड्या विचारूनच मात्रा ठरवतात; बिड्या जास्त तर मात्रा जास्त.

"यांनी किती सांगितल्या होत्या?" त्यांच्या बायकोनं, यमुनाबाईंनी नर्स शेवंताला विचारलं.

"दहा. मी वीस लिहिल्या." शेवंताची मान खाली होती. "मॅडम, तुम्हीच शिकवलंत ना, बिडी-दारूचा आकडा पेशंट निम्माच सांगतो, आपण दुप्पट लिहायचा."

तीस वर्षं यमुनाबाईंनी नर्सिंगच्या मुलींना हेच शिकवलं होतं. तेव्हा गोळ्या होत्या. चुकलं तर दुसऱ्या दिवशी कमी करता यायच्या.

"जन्मात एकदा खरं बोललो," भिकाजी खोकत म्हणाले, "तर बायकोच्या शाळेनं धरलं."

"वर्षभर रोज वीस ओढाव्या लागतील," शेवंता हळूच म्हणाली. "नाहीतर औषध अंगात साचेल."

लग्न झाल्यापासून त्यांच्या हातातली बिडी काढून घेणाऱ्या यमुनाबाईंनी काडी पेटवली.

"अहो, अकरावी घ्या."

"नको गं. दम लागतोय."

काडी बोटापर्यंत जळत आली, तरी त्यांनी हात मागे घेतला नाही.