हलका हात

"काका, सूर जुळवलेत तरी हा अजून ठणठणतोच आहे हो," कुमुदिनीबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. शाळेला कुणीतरी पियानो भेट दिला होता. उद्याची प्रार्थना त्यावर नीट वाजली नाही, तर मुख्याध्यापिका नवीन संगीतशिक्षिका आणणार होत्या. बाईंनी एकवीस वर्षं प्रार्थना वाजवली, ती पेटीवर.

सूर जुळवायला आलेले बस्त्यावकाका पियानोपुढे बसले आणि त्यांनी तीच प्रार्थना वाजवली. त्याच पट्ट्या, तेच सूर. पण समईची ज्योत हळूहळू मोठी व्हावी तसा आवाज उमलत गेला. बाईंचे हात नकळत जोडले गेले.

"वाद्य बरं आहे, बाई. पेटीवर बोट कसंही पडलं तरी भाता सांभाळून घेतो. इथे भाता कुठला? आत हातोड्या आहेत. तुम्ही पट्टी जशी दाबाल, तशी हातोडी तारेवर पडणार. तुम्ही तर मघापासून मसाला कुटताय!"

बाईंना डोळे पुसता पुसता हसू आलं. रोज पहाटे देवाच्या माथ्यावर फूल ठेवताना हात आपोआप हलका होतो, तसाच तो त्यांनी पट्ट्यांवर ठेवला. पहिली ओळ अडखळली. दुसरीला सूर मऊ झाला, तिसरीला तर सगळं सभागृह भरून गेलं.

"वा, काका!" दाराबाहेरून मुख्याध्यापिका म्हणाल्या. "उद्या तुम्हीच वाजवाल का?"

"मी चहा पितोय, मॅडम," खिडकीपाशी बशी फुंकत बस्त्यावकाका म्हणाले. "वाजवताहेत त्या तुमच्या बाई."