कानशिलावरची तीट

धुरपताबाईनं चहाची बशी आरशासमोर धरली. "घे ना वो बाई. थंडा होऊन राहिला."

आलमारीच्या आरशातल्या म्हातारीनंही बशी पुढं केली.

"तूच पे म्हनते? बरं." धुरपताबाई हसली. "तुहेबी गुडघे दुखतेत का? मंग जमलं आपलं."

लेकीला कडेवर घेऊन दारात उभी असलेली भूमिका तशीच मागं सरली. सासूच्या या गप्पा आता रोजच्याच झाल्या होत्या. केशोरी गावचं माहेर, तिथला धानाचा रोवणा, मेलेली बहीण, सगळं त्या बाईला सांगून व्हायचं.

जेवताना हेमेंद्र म्हणाला, "रविवारी आईले नागपूरले नेऊन देतो. तिथं अशा लोकाईले सांभाळतेत."

"थोडं थांबा ना."

"कायले थांबू? तिले सोतालेच ओळखता येऊन नाही राहिलं. उद्या पोरीले कुठं ठेवून विसरली, मंग?"

याच भीतीनं भूमिकाही लेकीला सासूच्या मांडीवर देत नव्हती. हेमेंद्र दुकानात गेला की फुलचूरच्या त्या घरात दोघी दोन खोल्यांत असायच्या. ताट ठेवायचं, ताट उचलायचं. दुपारभर फक्त पंख्याचा आवाज.

"मी एकदा पाहते," ती म्हणाली. "मग न्या."

बी.ए.ला तिचा विषय मानसशास्त्र होता. त्यातला एक प्रयोग तिला अजून आठवत होता. लहान मुलाच्या चेहऱ्यावर नकळत ठिपका लावायचा आणि त्याला आरशासमोर बसवायचं. मुलानं आरशातला ठिपका पुसायला हात नेला, तर समोर दुसरंच कुणी आहे असं त्याला वाटतंय. हात स्वतःच्या चेहऱ्याकडं गेला, तर ते स्वतःला ओळखतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीला तीट लावल्यावर बोटाला काजळ उरलं. सासू खाटेवर पडली होती. भूमिका वाकली आणि तिच्या कानशिलावर अलगद बोट टेकवलं. सासूची पापणी हलली. भूमिका श्वास रोखून थांबली. सासूनं डोळे उघडले नाहीत.

चहाच्या वेळी धुरपताबाई उठली आणि आलमारीपुढं जाऊन बसली. भूमिका दाराआडून बघत राहिली.

"आली का वो बाई?"

मग ती थबकली. पुढं वाकून नीट पाहिलं. पदराचं टोक ओलं केलं आणि हात आरशाकडं नेला.

भूमिकेनं डोळे मिटून घेतले. संपलं. रविवारी न्यावंच लागणार.

तिनं डोळे उघडले तेव्हा पदर खाली आला होता. धुरपताबाईचं बोट तिच्या स्वतःच्या कानशिलाशी होतं. तीट पुसली जाऊ नये अशा बेतानं ते ठिपक्याच्या कडेकडेनं फिरत होतं.

"नाही पुसत वो," ती आरशाला म्हणाली. "सुनेनं लावली. किती दिवसानं मले कोनी हात लावला."