जुना पिस्टन

चार मेकॅनिकनी भंगारात काढलेली ती मोटरसायकल शेवटी माझ्या आत्याच्या गॅरेजात आली. मालकीणबाईंचं मागणं एवढंच होतं. "आमचे हे गेल्यापासून बारा वर्षं बंद आहे. एकदा तिचा आवाज ऐकायचाय."

आत्याने किक दाबून पाहिली. ती तसूभरही हलली नाही. "पिस्टन जाम झालाय," म्हणाली आणि बाह्या सारून बसलीच.

आत्याचे हात नुसते बघत राहावेत असे. दोन दिवस तेल मुरवून, लाकडी ठोकळ्याने हलके टोले देत तिने पिस्टन सोडवला. सिलिंडरला ओरखडासुद्धा पडला नाही. पिस्टन मात्र कामातून गेला होता. तो तिने फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला आणि नवा बसवला. कार्ब्युरेटर धुऊन लख्ख केला.

दुसऱ्याच किकला इंजिन सुरू झालं. "अगदी हाच आवाज!" बाई डोळे पुसत म्हणाल्या. मी तर आत्यासाठी टाळ्याच वाजवल्या.

आत्या हसली नाही. इंजिन पंधरा मिनिटं चालू होतं. तिने सिलिंडरवर तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. खरं तर हात भाजायला हवा होता.

"थंडगार आहे गं," ती पुटपुटली.

तेवढ्यात जळका वास आला. बाईंनी फळीकडे बोट दाखवलं. जुन्या पिस्टनभोवतीचं फडकं धुमसत होतं.

आत्याने तिकडे बघत हळूच रेस वाढवली. फडक्याने पेट घेतला.