पाळण्याची रांग

कासारकाकांनी आईचा हात हक्काने ओढून घेतला आणि हिरव्या बांगड्या भरायला सुरुवातही केली. नवरात्रातल्या जत्रेत दरवर्षी आईचा चुडा त्यांच्याच हातचा. बाबा चैत्रात गेले, हे त्यांना कोण सांगणार?

मी दादाकडे पाहिलं, दादाने वहिनीकडे. वहिनी नुसतीच भेळ चिवडत राहिली. थांबवावं तर चारचौघांत आईला कानकोंडं होणार, गप्प बसावं तर घरी आत्या काय म्हणेल?

"यंदा भाऊ दिसले नाहीत?" कासारकाकांनी बाबांबद्दल विचारलं.

"मोठ्या पाळण्याच्या रांगेत आहेत. पोरांच्या आधी त्यांनाच बसायचं असतं," आई म्हणाली आणि दुसरा हात तिने आपणहून पुढे केला.

मी चटकन वळून रांगेकडे पाहिलं.

दादा आधीपासून तिकडेच बघत होता.