भट्टीतली थाप

मबरूकाचा उघडा हात मातीच्या भट्टीत कणकेचा गोळा थापायचा आणि चटका तिला कळायच्या आधीच आपण होऊन बाहेर यायचा. अख्खं गाव हे शपथेवर सांगेल.

आज ऑलिव्हच्या लाकडांचे निखारे लालबुंद होते, तरी हात आतच राहिला.

"आत्याबाई, हात मेला तुमचा," सून दलेंदा म्हणाली. "आजपासून भट्टी माझी."

"मेलेल्या हाताला गार लागतं होय गं?" मबरूका फणकारली.

आत कुणीतरी थंडगार बोटांनी तिचं मनगट धरलं होतं. बोटं आवळत गेली. मबरूका तसूभरही हलली नाही.

"धर किती धरायचं ते," ती भट्टीत वाकून म्हणाली. "भाकरी मीच लावणार."

तिने दुसऱ्या हाताने गोळा आत नेला. तळहातावरून तो तसल्याच थंडगार बोटांनी अलगद उचलला आणि आतल्या भिंतीवर थाप पडली.