चौदा दिवसांचं पथ्य

"चौदा दिवस चावायचं म्हणून काही नाही, ताई. फक्त पातळ. लिव्हर आक्रसलं, तरच मला त्याच्याखालून पोटापर्यंत पोचता येईल."

डॉक्टरीणबाईंचे हे शब्द तिला तोंडपाठ झाले होते. आज चौदावा दिवस. त्याच बाई सोनोग्राफीचा कागद हातात घेऊन समोर बसल्या होत्या.

"लिव्हर तसूभर कमी झालेलं नाही. वजन उलट अर्धा किलो वाढलंय. परवाचं ऑपरेशन होणार नाही."

"मी काही खाल्लेलं नाही," ती म्हणाली.

बाई हसल्या. कुत्सित नव्हतं ते हसू, समजूतदार होतं. म्हणूनच तिच्या मस्तकात तिडीक गेली.

"सगळे असंच म्हणतात, ताई. एखादा घास जातो चोरून. निदान स्वतःशी तरी खरं बोला."

ती बसमध्ये कंडक्टर होती. एकशे चौतीस किलो. दोन बाकांमधून वाट काढताना उतारू म्हणायचे, "बाई, तुमचं दीड तिकीट काढलंत का?" ती तिथल्या तिथे परतफेड करायची, "तुमचं अर्धं काढते, अक्कल अजून बारा वर्षांखालची दिसते." सगळी बस हसायची. पण आठ महिन्यांपूर्वी ती दोन बाकांच्या मध्ये खरोखरच अडकली, आणि डेपोने तिला खाली उतरवून पासाच्या खिडकीत बसवलं. त्याच आठवड्यात तिने पोट लहान करून घ्यायच्या ऑपरेशनचं ठरवलं. तपासण्या केल्या, रजा मंजूर करून घेतली, संमतीच्या कागदावर सही ठोकली. सगळं एकटीने. तिला बस परत हवी होती.

आईने मात्र थयथयाट केला होता. "धडधाकट पोट कापून घ्यायचं? देवाने दिलेलं?" दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आपणहून म्हणाली, "तुझं पातळ मी करून देत जाईन." आईचा होकार मिळाला, असं लेकीला वाटलं होतं.

सोनोग्राफी उपाशीपोटी असते. त्यामुळे एरवी गरम असतानाच पिऊन टाकायची ती सकाळची सुपाची बाटली आज तशीच पिशवीत राहिली होती. दवाखान्याच्या गारठ्यात चार तास तिच्या पायाशी पडून होती. घरी येताच तिने पिशवी ओट्यावर आदळली.

"काय म्हणाल्या?" आईने विचारलं.

"खोटारडी म्हणाल्या."

बाटलीचं झाकण काढून तिने ती मोरीत उपडी केली. काहीच पडलं नाही. तिने आत पाहिलं. वर बोटभर जाडीचा पिवळा थर बूच मारल्यासारखा घट्ट बसला होता. तिने बोट खुपसलं. बोट तुळतुळीत होऊन बाहेर आलं.

"आई, हे काय आहे?"

आई भांडी पुसत होती. पुसतच राहिली. "लोणी."

"किती?"

"दोन मोठे चमचे. आणि थोडी साय."

"रोज?"

"प्रत्येक बाटलीत." आईने फडकं खाली ठेवलं. "तुझं तोंड बघवत नव्हतं गं. पांढरं फटक पडलेलं. दिवसभर त्या खिडकीत उपाशी बसायचं आणि लोकांशी डोकं लावायचं. नुसतं पाणी कसं देऊ पोटच्या पोरीला?"

भरल्या बसमध्ये मागच्या बाकापर्यंत पोचणारा तिचा आवाज एकदम खाली आला. तो ऐकून आई मागे सरकली.

"शाळेत पथ्य करूनही वजन उतरलं नाही, तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, ही खोटं बोलते. विशीत तो आहारवाला म्हणाला, जिभेवर ताबा नाही हिचा. इतक्या जणांनी म्हटलं, की मलाच वाटायला लागलं, आपण झोपेत उठून खात असू. उशीखाली पीठ, चुरा काही सांडलंय का म्हणून बघायचे मी, आई. चौदा दिवस मी एक कण चावला नाही. आणि आज त्या बाईंसमोर मान खाली घालून बसले होते."

आईने फडक्याची घडी घातली.

"उद्या मी जाऊन सांगते."

"कोणाला? देवाला?"

"डॉक्टरीणबाईंना."

"कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पुढे कधी एकटी गेली आहेस का तू?"

"जाईन म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक स्वतःच स्वयंपाकघरात शिरली. राग उतरला नव्हता. तिने भाज्या उकडल्या, पाणी गाळून घेतलं, चिमूटभर मीठ टाकलं. आई उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. बाहेर जायचं लुगडं नेसलेली, केस बसवलेली, हातात लहानशी पिशवी.

"नवी तारीख मिळाली तरी पातळ तूच करत जा," आई म्हणाली. "मला गॅसपाशी येऊ देऊ नकोस. माझ्या हातांचा मला भरवसा नाही."

लेकीने गाळणी झटकली, उरलेला चोथा बादलीत टाकला. आईने चपला घातल्या, दाराची कडी काढली आणि तशीच थांबली. वळून मात्र पाहिलं नाही.

"त्यांना या चौदा दिवसांचंच सांगू," तिने विचारलं, "की शाळेपासूनचं सगळं?"

गाळणी लेकीच्या हातात तशीच राहिली. आईने कठडा धरला आणि एकेक पायरी मोजल्यासारखी जिना उतरायला लागली.