मऊ रबर

माझ्या भावाच्या पश्चात त्याची स्पोर्ट्स कार पुतणीने प्रथमच सरावाच्या ट्रॅकवर आणली. पहिल्याच वळणावर मागची चाके घसरली. तिने गाडी कशीबशी सावरली. टायरच्या खाचा नव्यासारख्या खोल होत्या, परंतु रबर जुनेपणाने इतके कडक झाले होते, की माझे नख रुतेना. “हे टायर रस्ता धरणार नाहीत. बदलू या.” “काका, तुम्हाला फक्त यंत्रच कळतं; तुम्ही लग्नाची गाठसुद्धा पाना लावून आवळली असेल! बाबांनी निवडलेले टायर आहेत हे. मी काढू देणार नाही.” “या टायरांसाठी त्यानं दुकानांमागून दुकानं पालथी घातली. मऊ रबर रस्ता घट्ट धरतं, तेच हवं म्हणून हटून बसला होता.” “एवढा हट्ट कशासाठी?” “कारण शेजारी तू बसणार होतीस.” टायरवरून एकदा हात फिरवून तिने डिकीतला जॅक काढला. “नवेही मऊच घेऊ, काका. आता शेजारी तुम्ही बसणार आहात.”